सिस्टीममध्ये ‘डन’

बाईक सर्व्हिसिंगला दिली होती. जॉब कार्डवर, म्हणजे कामांच्या यादीवर, ‘चेन क्लीनिंग, ल्युब, अ‍ॅडजस्टमेंट’समोर टिक. चेनला बोट लावलं तर कोरडी ठणठणीत, पावसाळ्यातला चिखल तसाच वाळून बसलेला.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दाखवलं. त्याने चेनकडे पाहिलंच नाही. हातातल्या टॅबकडे पाहिलं आणि म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये तर डन दाखवतंय.”

हे वाक्य घोडबंदर रोडवरून घरी येईपर्यंत डोक्यात घुमत होतं.

गाडी धुऊन चकचकीत, टाकीला पॉलिश. चेन मात्र खालून उचलली की चांगली दोन इंच वर जात होती. रोजच्या वापराच्या साध्या कम्युटर बाईकला साधारण २ ते ३ सेंटिमीटर ढील पुरते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. इतकी सैल चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. गायमुखच्या घाटात, मागे ट्रेलर असताना हे झालं तर?

शेवटी तिथेच मेकॅनिकला बोलावलं होतं. विशीतला पोरगा. काही न बोलता पाना घेऊन बसला आणि थोड्याच वेळात चेन साफ करून, ल्युब मारून, नीट ताणून दिली. हात फार चांगला आहे त्याचा. मागे गाड्यांची रांग लागलेली, त्याला वेळच कोण देतंय? माझा राग त्याच्यावर नाही, काम न बघता टिक मारणाऱ्यांवर आहे. लेबर चार्ज पूर्ण लावलाच होता.

लेखी तक्रार दिली आहे. दाद लागली नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

ठाण्यात गाडीशेजारी उभं राहून काम बघू देणारं सर्व्हिस सेंटर कुणाला माहीत आहे का?