बिनमजुरीचा वाडा

मंगळवार, पहाटे

आज बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचायला होता. एरवी यहूदाच्या यहोयाकीम राजाचं नाव आलं की नजर थेट एकोणिसाव्या वचनावर जाते. गाढवाला पुरतात तसं याला पुरतील, ओढत नेऊन यरुशलेमेच्या वेशीबाहेर टाकतील. आज तिथवर पोचलेच नाही. तेराव्या वचनातच अडकले. शेजाऱ्याला फुकट राबवून घेतो, त्याची मजुरी देत नाही, त्याला हाय हाय!

शेजारी! राजाच्या वाड्यावर दगड वाहणाऱ्याला संदेष्टा राजाचा शेजारी म्हणतो.

इ.स.पू. ६०९ मध्ये मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फारोने यहोयाकीमाला गादीवर बसवलं. त्याबद्दलची शंभर किक्कार (किक्कार हे तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी आणि एक किक्कार सोनं ही खंडणी त्याने लोकांकडूनच वसूल केली. देश असा पिळून निघालेला आणि याला हवा प्रशस्त माड्यांचा वाडा, गंधसरूच्या लाकडाची तक्तपोशी, वर हिंगुळाचा रंग. यिर्मया त्याला बापाची आठवण देतो. योशीयाही खातपीत होताच, पण गोरगरिबांचा न्याय करायचा. मला ओळखणं म्हणजे हेच ना, असं देव विचारतो. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

बाबा गवंडी. एका बंगल्याच्या गिलाव्याची सहा आठवड्यांची मजुरी त्यांना कधी मिळालीच नाही. दर शनिवारी ठेकेदाराचं एकच, "पुढच्या शनिवारी बघू." बाबा कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने हजेरीच्या रेघा ओढायचे. आईने ते पान अजून पेटीत जपून ठेवलंय.

यहोयाकीमाने तर यिर्मयाचे संदेश लिहिलेली गुंडाळीच जाळली. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी. तीनचार रकाने वाचून झाले की चाकूने कापायचे आणि विस्तवात टाकायचे. तिघा सरदारांनी विनवलं, तरी ऐकलं नाही. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने पुन्हा शाई घेऊन सगळं लिहिलं, वर आणखी भरही घातली. इ.स.पू. ५९८ मध्ये राजा मेला. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात त्याच्या मरणाची नोंद आहे, दफनाची नाही.

चहा घेताना बाबांना तेरावं वचन वाचून दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग त्या माणसांना पैसे मिळाले का गं?"

मी पुढचा अख्खा अध्याय चाळला. त्याबद्दल तिथे एक अक्षरही नाही.