एका ओळीपाशी थांबलेले सगळे

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी दिल्लीला गेले होते. गुरुवारी संध्याकाळी सूफी संत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात जाऊन बसले. बायकांना आत मजारीपाशी, म्हणजे कबरीपाशी, जाऊ देत नाहीत, म्हणून बाहेर जाळीला टेकून. ते तेव्हाही खुपलं, आजही खुपतं. शेजारी एक म्हातारी जाळीला कपाळ लावून बसली होती. काही मागत नव्हती. अधूनमधून नुसतं 'हाँ, हाँ' म्हणायची.

अंगणात कव्वाली रंगली होती. एका ओळीवर पुढ्यातल्या एका माणसाचं अंग थरथरायला लागलं, आणि कव्वाल तिथून हललाच नाही. तीच ओळ, पुन्हा तीच. टाळ्यांची लय जराही ढळली नाही. माणसं बसली होती तशीच बसून राहिली, त्या एकासाठी.

समाचा, म्हणजे सूफींच्या अशा गाण्याच्या मैफिलीचा, हा जुना शिरस्ता आहे. ज्या ओळीवर एखाद्याला हाल येतो, म्हणजे भावावेगात त्याचं भान हरपतं, ती तो शांत होईपर्यंत सोडायची नाही. ११११ साली वारलेल्या इस्लामी विद्वान इमाम गझालींनी तर लिहूनच ठेवलंय की, कुणी खऱ्या भावावेगानं उठून उभा राहिला, तर बाकीच्यांनीही त्याच्यासोबत उभं राहावं. दिल्लीचे सूफी संत कुतबुद्दीन बख्तियार काकींना एका फारसी शेरावर असा हाल आला, की चार दिवस तोच शेर आळवला गेला आणि त्यातच त्यांनी प्राण सोडला, असं सांगतात. ते साल १२३५.

तळमळ ज्याची त्यानं एकट्यानं सोसायची, असं मी धरून चालले होते. बाबांबद्दल घरात कुणाशी बोललेच नव्हते. इथे मात्र एकाची ओढ सगळ्या मैफिलीनं उचलून धरली होती, आणि त्याला काय झालंय हे कुणी विचारत नव्हतं.

मला आपलं खुलदाबाद आठवलं. तिथे याच निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर आहे. गुरू १३२५ मध्ये गेले. पुढे तुघलकानं दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, तेव्हा हेही दख्खनमध्ये आले. गुरूची कबर तिकडे दिल्लीत राहिली. इथे मात्र त्यांच्याभोवती समाची मैफल जमत गेली. १३३७ मध्ये ते गेले. त्यांच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात. उरूस म्हणजे लग्न, देवापासूनची ताटातूट संपल्याचा दिवस.

तो माणूस हळूहळू शांत झाला. कव्वालानं पुढची ओळ घेतली. म्हातारीनं डोकं वर केलं, तिच्या कपाळावर जाळीची नक्षी उमटली होती. माझ्याकडे बघून ती जराशी सरकली आणि मला जाळीपाशी जागा करून दिली.