३०-३० ची वही: विंचेस्टर ९४ सोबतचं पहिलं वर्ष

फेब्रुवारी २०२४

मिळाली एकदाची. उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा दुकानात, जुन्या बंदुकांच्या रांगेत उभी होती. विंचेस्टर मॉडेल ९४, २० इंची नळीची कार्बाइन (आखूड रायफल), ३०-३० या काडतुसाची. रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागाच्या) तळाचं ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, पार उडालंय आणि तिथलं लोखंड करडं, गुळगुळीत झालंय. कुणीतरी वर्षानुवर्षं हिला नेमकं तिथे, तोलाच्या जागी धरून रानातून चाललंय. ९४ हातात घेतली की बोटं आपोआप त्याच जागी जातात. वजन जेमतेम साडेसहा पौंड. मधे दुर्बीण नाही, बाहेर आलेला बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) नाही, सगळी रायफल एका मुठीत मावते.

नंबर अठरा लाखांच्या घरातला आहे. विंचेस्टरने पंधरा लाखावी ९४ राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना १९४८ मध्ये भेट दिली आणि वीस लाखावी आयझेनहॉवर यांना १९५३ मध्ये. म्हणजे माझी या दोघींच्या मधली. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला हिचे बरेच भाग बदलले, घडीव भागांच्या जागी दाबून काढलेला पत्रा आणि पोकळ पिना आल्या. त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना आजही वेगळा भाव आहे.

मला ती परवडली याचं कारण रिसीव्हरच्या डाव्या अंगाला मागे आहे. आधीच्या कुण्या मालकाने तिथे पीप साइटसाठी (बारीक भोकातून बघून नेम धरायच्या साधनासाठी) दोन भोकं पाडून घेतली आहेत. संग्राहक अशा रायफलीकडे वळून बघत नाहीत. मला मात्र ती भोकं पाहून आनंद झाला. मी स्वतः कधीच ड्रिल लावलं नसतं, आणि पीप साइट तर मला हवीच होती. ती का, ते पुढे येईल.

पेनसिल्व्हेनियात लिव्हर रायफलींचं, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ओढून नवं काडतूस भरायच्या ९४ सारख्या रायफलींचं, प्रेम टिकलं त्याला इथल्या कायद्याचाही हातभार आहे. इथे हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (दर बारानंतर आपोआप काडतूस भरणारी) रायफल चालत नाही. ज्याला भरभर दुसरा बार हवा त्याला पंप किंवा लिव्हर. आजोबांची ९४ किंवा मार्लिन कंपनीची लिव्हर रायफल ३३६ नातवाकडे आलेली घरं या डोंगरांत ठायी ठायी भेटतात.

मार्च

दोन रविवार नुसतं उघडणं आणि धुणं. ज्यांनी अजून ९४ उघडली नाही त्यांना कळकळीने सांगतो, घरातला स्क्रूड्रायव्हर जवळ आणू नका. त्याचं टोक पाचरीसारखं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडांवर जोर देतं आणि कडा मोडतात. बंदुकीच्या स्क्रूला समांतर बाजूंचं, खाचेत तळापर्यंत घट्ट बसणारं टोक लागतं. माझ्या रायफलीचे सगळे स्क्रू सत्तर वर्षांनंतरही कोरे आहेत. ज्या हातांनी ती भोकं पाडली, त्यांनी हे स्क्रू इतके जपले याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आतलं तेल वाळून लाखेसारखं झालं होतं. ते निघाल्यावर लिव्हर चालवली आणि ९४ ची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंग यांनी काय केलंय ते पहिल्यांदा नीट दिसलं. लिव्हर ओढली की रिसीव्हरचा तळच पुढच्या बिजागरीवर खाली झुकतो. त्याच्याबरोबर बोल्टच्या मागे उभा असलेला पोलादी ठोकळा खाली सरकतो, बोल्ट मोकळा होऊन मागे येतो, वाटेत घोडा चढवतो आणि रिकामं काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकतो. अगदी शेवटी कॅरिअर (उचलणारी पट्टी) नवं काडतूस उचलून नळीच्या रेषेत आणतो. एक भाग हलला की पुढच्याला काम मिळतं. ब्राउनिंग यूटातल्या ऑग्डेनचे, बापही बंदुका घडवणारा. त्यांना या रचनेचं पेटंट १८९४ मध्ये मिळालं.

आणखी एक बारकावा. लिव्हर वर घट्ट दाबलेली नसेल तर चाप ओढलाच जात नाही, कारण मागे एक छोटी पिन अडसर म्हणून उभी असते. घोड्याची अर्धी खाच आणि ही पिन, एवढीच हिची सुरक्षा. बाकी तुमचं बोट आणि तुमचं भान.

नळीचं तोंड किंचित झिजलंय. लिव्हर रायफलींचा हा जुना आजार. रिसीव्हर मागून बंद असल्याने सफाईचा गज पुढूनच घालावा लागतो आणि प्रत्येक खेपेला तो तोंडाशी घासतो. मी आता दोरीचं पुल-थ्रू वापरतो, मागून घालून पुढे ओढायचं.

एप्रिल

पहिले बार. ५० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांत, १०० वर नऊ इंचांत. रायफलीचा दोष नाही. मला चाळिशी लागून दहा वर्षं झाली. नेमाची मागची खाच, नळीच्या टोकावरची खूण म्हणजे पुढची माशी, आणि लक्ष्य या तिघांवर एकाच वेळी नजर स्थिर करणं आता माझ्या डोळ्यांना जमत नाही. खाच स्पष्ट दिसली तर माशी विरघळते.

पीप साइट बसवली आणि पुढची माशी थोडी उंच घेतली, कारण पीप नळीपासून जास्त वर बसते. पीपच्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं. डोळा आपसूक मध्यावर येतो आणि नजर फक्त माशीवर ठेवायची. १०० यार्डांवर टेकून पाच गोळ्या सव्वातीन इंचांत आल्या. दुर्बीण लावायची म्हटली तरी ९४ वर ती नीट बसत नाही, कारण काडतूस वर उडतं. काडतूस उजवीकडे फेकणारी ९४ विंचेस्टरने थेट १९८० च्या दशकात काढली. १९४८ ची मार्लिन ३३६ पहिल्यापासून बाजूने काडतूस टाकते, त्यामुळे दुर्बीण हवी असलेल्यांनी मार्लिन घेतली. माझ्यासारख्या चाळिशीवाल्यांना मात्र पीप पुरते, हे छातीठोक सांगतो.

जून-जुलै

या दोन महिन्यांत काडतुसाशी ओळख झाली. वहीची सर्वांत जास्त पानं इथेच गेलीत, आणि माझं मनही.

९४ बाजारात आली तेव्हा ती काळ्या दारूच्या ३२-४० आणि ३८-५५ या काडतुसांची होती. धूररहित दारूचा दाब सोसायला निकेल मिसळलेलं पोलाद लागलं. ते जमल्यावर १८९५ मध्ये ३०-३० आलं, धूररहित दारूसाठीच आखलेलं अमेरिकेतलं पहिलं शिकारी काडतूस. पहिले तीस म्हणजे नळीचा व्यास, ०.३० इंच. दुसरे तीस म्हणजे त्या वेळच्या दारूचे ग्रेन (वजनाचं एक बारीक माप). विंचेस्टर त्याला ३० डब्ल्यूसीएफ (विंचेस्टर सेंटर फायर) म्हणायची. स्पर्धक मार्लिनला आपल्या नळीवर विंचेस्टरचं नाव कोरायचं नव्हतं, म्हणून ३०-३० हे नाव रूढ झालं आणि शेवटी तेच उरलं.

क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) १७० ग्रेनच्या फॅक्टरी काडतुसांची सरासरी सेकंदाला २,११० फूट आली. डब्यावर २,२०० छापलंय, पण ते २४ इंची नळीतलं. माझी नळी चार इंचांनी आखूड. आजच्या काडतुसांपुढे हा वेग कमी वाटेल. दाबही तसाच. ३०-३० ची मर्यादा ४२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ३०८ विंचेस्टर या नव्या काडतुसाची ६२,०००. म्हणून खांद्याला धक्का सोसवतो आणि दुपारभर सराव करता येतो. जड गोळी मध्यम वेगाने गेली की मांसही फार नासत नाही.

गोळीचं टोक चपटं असण्यालाही कारण आहे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी झोपतात, मागच्याची गोळी पुढच्याच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला टेकते. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याचा धोका. चपट्या टोकाला हवा अडते, वेग लवकर गळतो आणि १०० यार्डांवर बसवलेला नेम २०० वर आठेक इंच खाली येतो. आर्थर सॅव्हेज यांनी यावर तोडगा म्हणून फिरतं मॅगझिन केलं, तीच मॉडेल १८९९. तिच्यात टोकदार गोळ्या चालल्या, आणि १९२० मध्ये आलेलं ३०० सॅव्हेज तर इतकं जमलं की अमेरिकी लष्कराने नव्या काडतुसाचे सुरुवातीचे प्रयोग त्याच्याच पितळी कवचावर केले. त्या कामातून ३०८ विंचेस्टर निघालं. २००६ मध्ये हॉर्नेडी या काडतुसांच्या कंपनीने मऊ, लवचीक टोकाच्या गोळ्या आणून नळीच्या मॅगझिनचीही अडचण बरीच सोडवली. मी त्या पन्नास उडवून पाहिल्या, उत्तम आहेत. तरी वर्षभरासाठी चपट्याच ठेवल्या, कारण या रायफलीचं मूळ अंतर शिकायचं होतं.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ९४ चा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो, पुढे नाही. बार होताना तो किंचित दबतो आणि पितळ ताणलं जातं. दर भरणीला कवचाची लांबी मोजा, आणि तार वाकवून आत बुडाच्या कडेच्या जरा वर फिरवा. तिथे खाच लागली तर ते कवच फेकून द्या. दुसरं, गोळीच्या खाचेत पितळ घट्ट दाबून घ्या. मॅगझिनची स्प्रिंग आणि धक्का मिळून सैल गोळी आत ढकलतात, आणि मग दाब वाढतो.

याच सुमारास वाटायला लागलं की हा नाद फक्त जुन्याचा राहिलेला नाही. न्यू हेवनचा विंचेस्टरचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, पण ९४ आज जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते. मार्लिन रुगर या बंदुकांच्या कंपनीने घेतली आणि ३३६ पुन्हा बाजारात आली. २०२४ च्या जानेवारीत स्मिथ अँड वेसनने लिव्हर रायफल काढली, नाव ठेवलं १८५४. मूळच्या स्मिथ आणि वेसन या दोघांच्याच लिव्हर पिस्तुलाच्या धंद्यात न्यू हेवनमधल्या ऑलिव्हर विंचेस्टर नावाच्या शर्ट बनवणाऱ्याने पैसे घातले होते, आणि पुढचा सगळा इतिहास तिथून सुरू झाला. त्यामुळे ही बातमी वाचून फार बरं वाटलं.

ऑगस्ट

शिशाच्या गोळ्या ओतल्या. घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, हातमोजे घालून. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येतं, म्हणून ढग दिसले की काम बंद. काम झालं की आधी हात साबणाने, मग बाकी सगळं. सरावासाठी या गोळ्या सोळाशे फुटांच्या आसपास चालवतो. स्वस्त, सौम्य, आणि ५० यार्डांवर दोन इंचांत.

शिशाच्या त्या वासाने मी थेट कुडाळजवळच्या आमच्या गावी पोचलो. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. नळीत दारू, त्यावर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. शेवटी टोपी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि रानडुकरांना भातात मोकळं रान मिळायचं. एरवी आजोबा रात्र रात्र माळ्यावर बसायचे आणि बहुतेक वेळा बार न काढताच उतरायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "बाळा, जवळ आला नाय." एवढंच. पुन्हा ठासायला वेळ मिळायचा नाही, म्हणून एकच बार आणि तोही खात्रीचा. माझ्या मॅगझिनमध्ये सहा काडतुसं मावतात, तरी ते वाक्य यंदा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

सप्टेंबर-ऑक्टोबर

टेबल सोडलं. नऊ इंची कागदी थाळी, आणि नियम असा की दहापैकी दहा गोळ्या थाळीत लागतील तेच माझं अंतर. सप्टेंबरच्या सुरुवातीला उभ्याने ३५ यार्ड. ऑक्टोबरअखेर उभ्याने ६०, बसून गुडघ्यावर कोपर ठेवून ९०, झाडाला टेकून बसल्यास ११०. शंभराच्या पलीकडे माझी माशीच अर्धी थाळी झाकते. या आकड्यांचा मला अभिमान आहे, कारण ते रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीने वीस-वीस वेळा नेम धरून मिळवलेत. खांद्यावरून न काढता लिव्हर चालवायचा सराव वेगळा. लिव्हर पूर्ण खाली गेली नाही तर काडतूस अडकतं, आणि तसं चार वेळा झालं. हळू हाताने चालवली की हमखास होतं, ठामपणे चालवली की नाही.

३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. टायोगा काउंटी, हेमलॉक झाडांचा उतार, पातळ बर्फ. नारिंगी टोपी आणि जाकीट. नळी थंडीने इतकी गार की हातमोज्यातून जाणवत होती.

साडेआठला खालच्या मोकळ्या पट्टीत चांगला नर आला. आधी मोजून ठेवलेल्या ओक झाडाच्याही पलीकडे, म्हणजे दीडशेच्या वर. घोडा चढवला नाही. दहा मिनिटं तो चरत राहिला आणि मी नुसता बघत राहिलो.

पावणेचारला हेमलॉकच्या दाटीतून तीन माद्या चढत आल्या. मादीचा परवाना खिशात होता. सगळ्यांत मोठी ५५ यार्डांवर आडवी थांबली, मी बसलेला, पाठ झाडाला. पीप, माशी, खांद्याच्या मागे. बार झाल्याचं आठवतं, लिव्हर चालवल्याचं आठवत नाही, पण दुसरं काडतूस आत होतं आणि पहिलं माझ्या टोपीवरून उडून बर्फात पडलं होतं. मादी चाळीसेक पावलांवर मिळाली. १७० ग्रेनची गोळी आरपार गेली होती आणि बरगडीभोवतीचं मांस जवळजवळ सगळं चांगलं होतं. मी काही वेळ तिच्याजवळ बसलो.

घरी मुलीने मालवणी मसाला काढून ठेवला होता. निम्मं मांस शेजारच्या आजोबांकडे गेलं, ही रायफल पाहून त्यांनीच मला उन्हाळ्यात बोलतं केलं होतं.

डिसेंबर

दस्त्याला जवसाच्या तेलाचे तीन हात, दर हाताला दोन दिवस वाळवून. त्या दिवशी बर्फात पडलेलं रिकामं कवच वेगळं ठेवून मोजलं, २.०३३ इंच. कमाल मर्यादा २.०३९. तार फिरवली, खाच नाही. पुन्हा भरायच्या डब्यात टाकलं.