मसाई मारात चित्त्याच्या मागे

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सिंह बघायला फारसे कष्ट पडत नाहीत. तळेक गेटमधून भल्या पहाटे आत शिरलो आणि थोड्याच वेळात रस्त्याकडेला लोळत पडलेल्या सिंहिणी दिसल्या. पोटं टम्म, हनुवटीला रक्त, गाडीकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. दोन-चार फोटो काढून पुढे निघालो, कारण मला चित्ता हवा होता.

चित्ता बहुतेक शिकार दिवसाउजेडी करतो. अंधारात सिंह आणि तरसांशी त्याचा निभाव लागत नाही. त्यामुळे फोटोग्राफरची चंगळ, आणि त्याच कारणाने गाड्यांचा ससेमिराही त्याच्याच मागे.

ड्रायव्हरने दूरवरच्या एका वारुळाकडे बोट दाखवलं. "दुमा." म्हणजे स्वाहिलीत चित्ता. मला नुसती माती दिसत होती. लेन्स लावली तेव्हा कळलं, वर मादी बसलीय. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा, आणि खाली गवतात पिल्लांची चुळबुळ. इंजिन बंद केलं (चालू ठेवलं तर थरथर थेट फोटोत उतरते), लेन्स टेकवायची बीनबॅग गाडीच्या छतावर टाकली आणि बसून राहिलो.

कोल्हापूरकरांना चित्ता तसा परका नाही. संस्थानात काळवीट मारायला चित्ते पाळत, आणि आपल्याकडचे मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेहून मागवत. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे २०२२ मध्ये नामिबियातून कुनोत आणले, ते वेगळं प्रकरण.

थॉमसन गॅझेलचा कळप चरत चरत जवळ आला. मादी खाली उतरली. डोकं खांद्यांच्या खाली, एक पाऊल पुढे, की थांबली. हरणाने मान वर केली की तीही दगड. हे इतकं लांबलं की माझा हात आखडला. मग एकदम धूळ! शटर १/२५०० सेकंदावर होतं, तरी धावतानाचे बहुतेक फोटो धूसरच आले; तापलेल्या जमिनीची झळ मध्ये आली की महागडी लेन्सही काही करत नाही. चांगला फोटो मिळाला तो नंतरचा: जबड्यात हरणाचा गळा, बरगड्या भात्यासारख्या हलतायत, आणि नजर मात्र चारी दिशांना.

तेवढ्यात ड्रायव्हरांच्या रेडिओवर बातमी फुटली. नियमाने एका जनावराजवळ पाचच गाड्या थांबायला हव्यात. मी मोजायचं सोडून दिलं. मारातल्याच २०१८ च्या एका अभ्यासात जास्त पर्यटक असलेल्या भागातल्या माद्यांची सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाल्याचं दिसलं, कमी पर्यटकांच्या भागात २.३. माझ्या मते पाचसुद्धा जास्तच आहेत, आणि त्यात आमची गाडीही धरा.

पिल्लांनी मांडीपाशी खायला सुरुवात केली होती, तोच तरस आलं. एकटंच. मादी फिस्कारली, पण भांडली नाही. पाय जायबंदी झाला तर पुढची शिकार कोण करणार? पिल्लांना घेऊन ती निघून गेली.

दुपारचं ऊन फोटोच्या कामाचं नसतं. बाभळीखाली डबे खाल्ले, डुलकी काढली. संध्याकाळी नदीकाठच्या झाडावर बिबट्या असल्याचं कळलं. पोचलो तर पानांतून लोंबणारी शेपटी तेवढी दिसली, आणि खाली गाड्यांची रांग. आमचा नंबर लागेपर्यंत गेट बंद व्हायची वेळ झाली.