सायलीच्या जटा : काखा मोकळ्या, कंबर अजून बाकी

माझ्या लांब केसांच्या मांजरीच्या, सायलीच्या, दोन्ही काखांतल्या जटा अखेर मोकळ्या झाल्या. स्टीलचा कंगवा आता कातडीपासून केसांच्या टोकापर्यंत कुठेही न अडता जातो. कानांमागच्या बारीक गाठीही गेल्या. पोटावरची जट अर्धीच सुटली आहे. कमरेवर मात्र, शेपटीच्या जरा वर, पुन्हा नवी जट धरायला लागली आहे.

आधी काखांचं सांगते, कारण तिथे हात बसला. चालताना काखेत केसांवर केस घासतात. गळालेली मऊ लव बाहेर पडण्याऐवजी वरच्या लांब केसांत अडकते आणि घासून घासून तिचा नमदा होतो. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट उचलली की कातडीही तिच्याबरोबर वर येते आणि केस कुठे संपले ते कळत नाही. म्हणून कात्री मी या कामात हातातच घेत नाही. कातडी कापली जायला एक हिसका पुरतो.

माझी पद्धत सध्या अशी. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं आणि बोटांनी ती आडवी-उभी सैल करत छोटे पुंजके करायचे. मग डाव्या हाताच्या चिमटीत जट आणि कातडी यांच्यामधले केस घट्ट धरायचे. ही चिमूट सगळ्यात महत्त्वाची, कारण ओढ तिथेच थांबते, कातडीला लागत नाही. उजव्या हाताने कंगव्याच्या कडेच्या दोन-तीन दातांनी टोकाकडून सुरुवात करायची आणि थोडं थोडं मुळाकडे सरकायचं. स्लिकर ब्रश (बारीक तारांचा ब्रश) शेवटी, तोही हलक्या हाताने. नुसता ब्रश वरवर फिरतो आणि खालची गाठ तशीच राहते. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले किंवा पाठीची कातडी थरथरली की काम त्या क्षणी बंद. गाठ उद्याही तिथेच असते, पण मांजराचा विश्वास गेला तर ते उद्या मांडीवर येत नाही.

गुंता सुटण्याआधी आंघोळ घालू नका. भिजून वाळलेली जट आणखी आवळते. माणसांचे गुंता सोडवायचे स्प्रेही नकोत. मांजर अंगावरचं सगळं चाटतं आणि अशा काही स्प्रेंमध्ये असणारं टी ट्री तेल मांजरांना विषारी असतं.

‘मांजर स्वतःच स्वच्छ राहतं’ हे सायलीसारख्या पर्शियन वळणाच्या मांजरांना पुरतं लागू होत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांजराच्या जिभेवरचे काटे तपासले. त्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या आत पोचवली जाते. बहुतेक मांजरांत ती कातडीपर्यंत जाते, पण पर्शियनची फर दाबल्यावरही इतकी जाड राहते की काटे तळापर्यंत पोचत नाहीत. हे वाचल्यापासून रोजचा कंगवा मला खाण्यापिण्याइतकाच गरजेचा वाटतो.

आता कंबर. तिथे घासण्यासारखं काही नाही, तरी सोडवलेली जट त्याच जागी पुन्हा धरली. म्हणून सायली स्वतःला चाटते कशी, ते नीट बघायला लागले. पंजे, छाती, पोट व्यवस्थित. मान वळवून पाठीमागे जायची वेळ आली की अर्ध्यावर थांबते. उंच कपाटावरची उडीही तिने हल्ली सोडली होती. डॉक्टरांना दाखवलं. ती अकरा वर्षांची आहे. एक्स-रेमध्ये मणक्याच्या खालच्या भागात आणि खुब्यात संधिवात निघाला. म्हातारं किंवा जाड झालेलं मांजर, दात दुखणारं मांजर, थायरॉइड किंवा मधुमेह असलेलं मांजर, या सगळ्यांची फर अशी बिघडू शकते. तेव्हा नीटनेटक्या मांजराच्या पाठीवर अचानक जटा दिसल्या तर कंगव्याआधी डॉक्टर. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरी देऊन बघू नका, पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेते.

औषध सुरू झाल्यापासून ती कमरेकडे पुन्हा वळायला लागली आहे. पूर्ण पोचत नाही, पण प्रयत्न करते, आणि ते बघून मला फार बरं वाटतं. ज्या भागापर्यंत तिची जीभ जात नाही, तो आता माझ्याकडे. जेवणानंतर ती सुस्तावते तेव्हा कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग, एवढंच करते.

पोटाची उरलेली जट मी सोडवत बसणार नाही. ती कातडीला चिकटून आहे, स्तनाग्रांच्या अगदी जवळ, आणि तिथे हात लावला की सायली ताठरते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडूनच ती ट्रिमरने काढून घेणार. तेवढा तुकडा काही आठवडे उघडा दिसेल, तर दिसू दे. नवे केस बोटभर वाढले की तिथला कंगवा सुरू करते आणि कमरेचं काय झालं तेही तेव्हाच लिहिते.