16 ठिपके, 32 रेघा: चौथी मिती मोजताना

जुन्या पत्रांच्या माथ्यावर 'मिती चैत्र शुद्ध पंचमी' असे लिहिलेले सापडते. तिथली मिती म्हणजे दिवस. गणितातली मिती म्हणजे मोजण्याची स्वतंत्र दिशा. दोन्हींना शब्द एकच, म्हणून की काय, 'चौथी मिती म्हणजे काळ' हे वाक्य आपल्याकडे फार पटकन पचते. गणिती मिंकोव्स्कीने 1908 साली काळाला लांबी-रुंदी-उंचीच्या पंगतीत बसवले हे खरे. पण अंतराच्या सूत्रात काळाचे चिन्ह उलटे येते, त्यामुळे तो त्या पंगतीत थोडा वेगळा बसतो. उत्तरेकडे तोंड करून उभा माणूस वळून पूर्वेकडे बघू शकतो, काळाच्या दिशेने असे वळता येत नाही. खाली आहे ती अवकाशाचीच चौथी मिती: लांबी, रुंदी, उंची या तिघींनाही काटकोनात असणारी आणखी एक दिशा.

ती डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न सुरुवातीला करूच नये. मोजायला घ्यावी.

चौरसाचे कोपरे दोन अंकांनी लिहिता येतात: 00, 01, 10, 11. घनाचे तीन अंकांनी: 000 पासून 111 पर्यंत 8. चार अंक घेतले की 0000 ते 1111 असे 16 कोपरे होतात. हा चौथ्या मितीतला घन, म्हणजे टेसरॅक्ट. ज्या दोन कोपऱ्यांत नेमका एकच अंक वेगळा, त्यांना कड जोडते. प्रत्येक कोपऱ्याचा एक-एक अंक बदलून 4 शेजारी मिळतात, म्हणून कडा 16 × 4 ÷ 2 = 32. कोणतेही दोन अंक गोठवले की उरलेल्या दोघांचा चौरस होतो. जोड्या 6, गोठवायच्या तऱ्हा 4, म्हणून चौरस 24. एकच अंक गोठवला की उरतो घन, असे घन 8. ताळा असा: 16 − 32 + 24 − 8 = 0. चौथ्या मितीतल्या कोणत्याही बहिर्वक्र (कुठेही आत न दबलेल्या) आकृतीला ही बेरीज शून्यच यायला हवी. न आल्यास मोजणीत कुठेतरी घसरलो. एक भर सहज पडते: बाजू 1 असेल तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण √4, म्हणजे बरोबर 2. चौरसाच्या आणि घनाच्या कर्णांत √2 आणि √3 येतात, इथे मात्र पूर्णांक.

आता आलेखाच्या कागदावर हीच 16 ठिपक्यांची रांगोळी. 0000 कुठेही मांडा. पहिला अंक 0 चा 1 झाला की 6 घरे उजवीकडे, दुसरा झाला की 6 घरे वर, तिसरा झाला की 3 उजवीकडे नि 2 वर, चौथा झाला की 2 डावीकडे नि 3 वर. 1011 हा ठिपका म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या सरकण्याची बेरीज: 6 + 3 − 2 = 7 उजवीकडे, 2 + 3 = 5 वर. सगळे ठिपके झाले की नियमाप्रमाणे रेघा ओढा.

देखणेपणासाठी तिसरी दिशा (3, 3) आणि चौथी (−3, 3) घ्यावीशी वाटते, 45 अंशांच्या नीटनेटक्या तिरक्या रेघा येतात म्हणून. तिथेच गाडी अडते. 3 आणि −3 मिळून 0, 3 आणि 3 मिळून 6, म्हणजे 0011 हा ठिपका थेट 0100 वर जाऊन बसतो. अशा चार जोड्या एकमेकींवर पडतात आणि कागदावर 16 ऐवजी 12 च ठिपके दिसतात. रांगोळी सुबक होते, पण टेसरॅक्ट राहत नाही. इंटरनेटवरच्या कितीतरी चित्रांत ठिपके मोजून पाहावेत.

काड्यांचा सांगाडा करायचा तर तो आणखी शिकवतो. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घराघरांत पोचवली. त्याच जातीचा सांधा इथे चालतो: ट्यूबचे दोन तुकडे मधोमध फुलीसारखे दोऱ्याने बांधले की चार तोंडे होतात. असे 16 सांधे. बाहेरच्या घनाच्या 12 कडा 18 सेंमीच्या, आतल्या घनाच्या 12 कडा 6 सेंमीच्या, आणि दोघांचे कोपरे जोडणाऱ्या 8 काड्या 6√3, म्हणजे 10.4 सेंमीच्या. ही मापे सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत. सांध्यात दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंमी जात असेल तर प्रत्येक काडी 1 सेंमी कमी कापायची, मग ती 18 ची असो की 6 ची. तिथे प्रमाण लावले की आतला घन तिरका ओढला जातो.

एवढे करून सांगाडा उभा राहत नाही, चौरस दबून पतंगासारखे होतात. बाहेरच्या घनाच्या प्रत्येक पृष्ठावर 25.5 सेंमीची आणि आतल्या घनाच्या प्रत्येक पृष्ठावर 8.5 सेंमीची एक-एक कर्णकाडी बांधली की दोन्ही घन ताठ होतात. पण मग नवे दुखणे येते: आतला घन जागच्या जागी डुगडुगतो. जोडणाऱ्या आठही काड्या केंद्राकडे रोखलेल्या असल्याने किंचित पिळण्याला त्या विरोधच करत नाहीत. उपाय म्हणजे बाजूच्या समलंब चौकोनांत तिरक्या काड्या: बाहेरच्या एका कोपऱ्यापासून आतल्या घनाच्या शेजारच्या कोपऱ्यापर्यंत, लांबी √216, म्हणजे 14.7 सेंमी. तीन पुरतील असे वाटते, पण तिन्ही एकाच कोपऱ्यातून काढल्या तर त्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाभोवतीचे फिरणे मोकळेच राहते. चौथी हवी, आणि तीही त्या कोपऱ्याला किंवा त्याच्या कर्णावरच्या समोरच्या कोपऱ्याला न लागणाऱ्या कडेवर.

सांगाडा ताठ झाला म्हणजे टेसरॅक्ट हातात आला असे नाही, हाती आली ती त्याची सावली. आतला घन लहान नाही, तो दूर आहे. काचेच्या खोक्यात समोरून पाहिले तर मागचा चौरस पुढच्याच्या आत लहान दिसतो, तसेच. बाजूचे सहा खुरटलेले पिरॅमिडही मुळात पुरे घन आहेत. 'घनाच्या आत घन' ही लोकप्रिय व्याख्या चूक आहे ती याचसाठी.

टेसरॅक्ट हा शब्द चार्ल्स हॉवर्ड हिंटन या इंग्रज शिक्षकाने 1888 साली छापला. 81 रंगीत ठोकळे, म्हणजे 3 × 3 × 3 × 3, तोंडपाठ करून चौथी मिती मनात उभी करायची अशी त्याची शिकवणी होती. त्याची बायको मेरी ही तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलची मुलगी. आणि बूलची बायको मेरी एव्हरेस्ट ही आपल्याकडच्या सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. या घरातून खरे काम केले ते हिंटनची मेहुणी ॲलिशिया बूल हिने, लग्नानंतरच्या ॲलिशिया बूल स्टॉटने. रीतसर उच्च शिक्षण नसताना तिने चौथ्या मितीत सुसम (सगळ्या बाजू नि कोपरे सारखे असलेल्या) आकृत्या सहाच असतात हे स्वतः शोधले आणि 600 चतुष्फलकांच्या (चार त्रिकोणी पृष्ठांच्या ठोकळ्यांच्या) आकृतीचे काप कसे दिसतील त्याचे पुठ्ठ्याचे नमुने केले. स्विस गणिती श्लाफ्ली हे उत्तर आधीच काढून बसला होता, पण त्याचा पूर्ण ग्रंथ 1901 पर्यंत छापलाच गेला नाही. ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला 1914 साली मानद डॉक्टरेट दिली. हिंटनचे नाव सगळ्यांना माहीत आणि तिचे नाही, हे मला खटकते.

'चौथी मिती म्हणजे भुताखेतांची जागा' ही समजूतही त्याच काळातली. लाइपझिगचा खगोलभौतिकशास्त्रज्ञ झोलनर याने 1877 च्या डिसेंबरात हेन्री स्लेड या अमेरिकन 'माध्यमा'ला (आत्म्यांशी संपर्क असल्याचा दावा करणाऱ्याला) बसवून दोन्ही टोके लाखेने सीलबंद केलेल्या दोरीत गाठी पाडून घेतल्या आणि चौथी मिती सिद्ध झाली असे मानले. स्लेडवर आदल्या वर्षीच लंडनमध्ये फसवणुकीचा खटला झाला होता. त्यातले गणित मात्र खोटे नाही. दोरीचे दोन पदर एकमेकांना अडवतात, कारण दोघांचे लांबी, रुंदी, उंची हे तिन्ही आकडे एका ठिकाणी सारखे होतात. एका पदराचा चौथा आकडा जरासा बदलला की अडथळाच राहत नाही, पदर पलीकडे जातो, मग चौथा आकडा पुन्हा शून्य. म्हणून चार मितींत दोरीची कोणतीही गाठ सुटते. (फुग्यासारख्या पृष्ठभागाची गाठ मात्र तिथे बसू शकते.) चूक होती ती कसोटी निवडण्यात. सीलबंद दोरी बदलता येते, हात चलाख असेल तर. म्हणून झोलनरने आणखी पक्क्या कसोट्या मांडल्या: दोन वेगवेगळ्या लाकडांच्या अखंड कड्या एकमेकींत अडकवणे, शंखाचा पीळ उलटा करणे, उजव्या वळणाचे टार्टारिक आम्ल डाव्या वळणाचे करणे. हातचलाखीने न होणारे यातले एकही झाले नाही. कड्या एकमेकींत न अडकता टेबलाच्या पायात सापडल्या.

मिती वाढतात तशी आपली अटकळ किती बिनकामाची होते याचा एक हिशेब. 4 बाजूच्या चौरसात 1 त्रिज्येची 4 वर्तुळे कोपऱ्यांत बसवा, मधल्या पोकळीत मावणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या √2 − 1 = 0.41. घनात 8 चेंडूंमधल्या चेंडूची √3 − 1 = 0.73. चार मितींत मधला चेंडू बाकीच्यांएवढाच, 1. नऊ मितींत 2, म्हणजे तो खोक्याच्या भिंतींना टेकला. दहा मितींत √10 − 1 = 2.16, आणि मधला चेंडू खोक्याबाहेर डोकावतो. हातचलाखी कुठेच नाही. कोपरे केंद्रापासून दूर दूर जातात, भिंती मात्र 2 वरच राहतात.

मग खऱ्या जगात मिती किती, हे कसे तपासतात? भुतांनी नाही, गुरुत्वाकर्षणाने. तीन मितींत गोलाचा पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो म्हणून बल अंतराच्या वर्गाने घटते. चार असत्या तर अंतराच्या घनाने, म्हणजे तिसऱ्या घाताने, घटले असते. भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टने 1917 साली दाखवले की मग ग्रहांच्या कक्षा टिकत नाहीत: पृथ्वी किंचित आत ढकलली तर सूर्यात, बाहेर ढकलली तर कायमची दूर. म्हणजे चौथी मिती असलीच तर ती मोठी आणि मोकळी नसावी. कालुझाने 1921 च्या निबंधात पाचवी मिती (काळ धरून) घातली, तेव्हा समीकरणांतले 15 घटक 10, 4 आणि 1 असे विभागले: 10 गुरुत्वाकर्षणाचे, 4 विद्युतचुंबकत्वाचे, आणि एक कुणालाच नको असलेला. क्लाइनने 1926 साली ती मिती बारीक वर्तुळासारखी गुंडाळली, आकार सुमारे 10⁻³² मीटर. एवढे लहान काही मोजता येत नाही, म्हणून विषय तिथेच थांबला.

1998 साली अर्कानी-हामेद, दिमोपोलोस आणि द्वाली यांनी विचारले, गुंडाळलेल्या मिती दोन असतील आणि मिलिमीटरभर असतील तर? चिडण्यासारखी गोष्ट अशी की तोवर त्या अंतरावर गुरुत्वाकर्षण नीट कुणी तपासलेच नव्हते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने पीळ-तराजू लावला. मॉलिब्डेनमची कडी, जाडी जवळजवळ 1 मिलिमीटर, तिला 21 च्या दोन रांगांत 42 भोके. ती तारेला टांगलेली, खाली तशीच भोके पाडलेली चकती सावकाश फिरते. भोकाखाली भोक येते-जाते तसा वरच्या कडीला पीळ बसतो. एका फेरीत 21 वेळा, आणि 21 चे कारणही तेच: मोटरचा हेलकावा फेरीत एकदा येतो, तो वेगळा काढता येतो. दोघांमध्ये 10 मायक्रोमीटर जाडीचा बेरिलियम-तांब्याचा ताणलेला पत्रा असतो. तो नसेल तर धातूवरचा विजेचा किंचित भारही गुरुत्वाकर्षणाला झाकून टाकतो. 2007 मध्ये 56 मायक्रोमीटरपर्यंत आणि 2020 मध्ये 52 मायक्रोमीटरपर्यंत वर्गाचा नियम शाबूत निघाला. गुंडाळलेली एखादी मिती असलीच तर ती 30 मायक्रोमीटरपेक्षा लहान, केसाच्या जाडीहून कमी.

दूरच्या टोकालाही तीच तपासणी आहे. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (अतिघन मृत ताऱ्यांच्या) धडकेच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशाच्याच ताण-आकसण्याच्या लाटा, आल्या आणि प्रकाशही आला, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरून. लहरींचा काही भाग वाटेत जादा मितीत झिरपला असता तर त्या अपेक्षेहून क्षीण पोचल्या असत्या आणि लहरींवरून काढलेले अंतर दीर्घिकेच्या माहीत असलेल्या अंतरापेक्षा जास्त आले असते. तसे आले नाही. पण या मोजमापात मोठी ढिलाई आहे: ताऱ्यांची कक्षा आपल्याकडे तोंड करून आहे की कडेने आहे यावर लहरींचा जोर बदलतो, आणि जवळची कडेने पाहिलेली जोडी दूरच्या समोरून पाहिलेल्या जोडीसारखीच भासते. दोघांत फरक करायला लहरींची दोन्ही ध्रुवीकरणे (अवकाश कोणत्या दिशांनी ताणले जाते त्याच्या दोन तऱ्हा) हवीत, आणि अमेरिकेतले लायगो नावाचे दोन्ही गुरुत्वलहरी-शोधक जवळजवळ एकाच दिशेने मांडलेले असल्याने ते दोघे मिळून एकच नीट पाहतात. त्यांना इटलीतला तसाच शोधक व्हर्गो मदत करतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 4 किलोमीटर भुजांचा लायगो-इंडिया उभा राहील तो पृथ्वीच्या गोलाईवर त्यांच्यापासून इतका दूर आणि इतका तिरका असेल की दुसरे ध्रुवीकरण त्याला आपोआप दिसेल.