इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक: पैसे भरण्याआधी हे वाचा

"रोज कन्नड घाट चढतो-उतरतो भो तू, तुले ट्रॅक काय जड जाणार!" कार रेसिंगच्या ट्रॅकवर तीन दिवस गाडी चालवायला चाळीसगावहून निघताना जो तो हेच म्हणत होता. साफ चुकीचं आहे. घाटातली सवय ट्रॅकवर आडवी येते.

घाटात वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला की आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय पटकन उचलतो. चेन्नईजवळच्या या ट्रॅकवर (३.७ किलोमीटर, १२ वळणं) मी तेच केलं आणि गाडी गरकन फिरली. एकाच जोडवळणात (उजवं आणि लगेच डावं), तीनदा! पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट सुटते. ब्रेक वळणाच्या आधी, स्टीअरिंग सरळ असतानाच मारायचा. ६० ऐवजी ६६ च्या वेगाने शिरलात, तर त्याच वळणात टायरला २१ टक्के जास्त पकड लागते. ती नसते.

जोडवळणाचं खरं दुखणं दुसऱ्या दिवशी कळलं. उजव्या वळणातून गाडी आपोआप डाव्या कडेला वाहत जाते. पण पुढचं वळण डावं, म्हणजे त्यात शिरायला गाडी उजवीकडेच हवी. म्हणून पहिल्या वळणात वेग मुद्दाम कमी ठेवायचा, उशिरा वळायचं, उजवी कड धरून राहायचं. माझा अख्खा दिवस यातच गेला. नजर पुढच्या वळणावर ठेवा. बॉनेटसमोर बघत राहिलात तर उशीर झालाच.

आता पैशांचं. "सगळं धरून" असं आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं. तिथे गेल्यावर हेल्मेट आणि सूटचं भाडं वेगळं, जीएसटी वेगळा, गाडीच्या नुकसानीची अनामत वेगळी. ८,००० रुपये जास्तीचे गेले. ही लूटच आहे. काय काय धरलंय ते लेखी आल्याशिवाय एक रुपया भरू नका. हेल्मेट शक्यतो स्वतःचं न्या.

जळगावहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते, प्रवास आरामाचा. स्टेशनवरून ट्रॅक साधारण ४० किलोमीटर, बंगळुरू हायवेवर. मुक्काम शहरात नको, श्रीपेरंबदूरकडे करा. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडचा मोठा पाऊस तेव्हाच. आपली ४५ अंशांची कोरडी झळ सोसणाऱ्यालाही तिथला दमट उकाडा झेपत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी पीत राहा. जोरात फेऱ्या मारून आलात की शेवटची फेरी सावकाश मारा आणि तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये उभी करा.

तिसऱ्या दिवशी, शेवटून दुसऱ्या फेरीत, गाडी त्या दोन्ही वळणांतून एका रेघेत निघाली. स्टीअरिंगला झटका नाही, टायरची किंचाळी नाही. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ओरडलो. हात अजून दुखतायत, पण फेब्रुवारीत परत जाणार आहे, यावेळी दर लेखी घेऊन.